मागे बसणाऱ्याची गाडी

म्हसरूळ मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि लेकीने गिअर बदलला. त्यासरशी माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. ती काहीतरी म्हणाली. वाऱ्यात मला त्यातलं फक्त ‘बाबा’ ऐकू आलं.

पौषातला रविवार, सकाळचे सात. दिंडोरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांवर धुकं बसलेलं. शाल पांघरून चहा घ्यावा अशा वेळी मी, वय वर्षं छप्पन्न, मुलीच्या स्पोर्ट्स बाइकवर मागे बसून वणीला निघालो होतो. नाशिककर ‘वणी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा सप्तशृंगी गड असतो. वणी गाव वाटेत लागतं, गड त्याच्या पुढे. घरापासून साठ-पासष्ट किलोमीटर.

मागची सीट म्हणजे टीचभर गादी. तीही पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच आणि पुढच्या बाजूला उतरती. फूटरेस्ट इतके वर की गुडघे पोटाशी आलेले. धरायला मागे कडी नाही; सीटखाली बोटं जातील एवढी खाच. आपण गाडीवर बसलोय असं वाटतच नव्हतं. कुणीतरी आपल्याला माळ्यावर ठेवून दिलंय असं वाटत होतं.

अक्राळे फाट्याच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आला. तिला तो दिसला आणि ती सीटवरून किंचित उठली. मला दिसला नाही. मला तो थेट कण्यात कळला.

तीस वर्षांहून जास्त काळ मी दुचाकी चालवतोय. पुढे मूल, मागे बायको, तिच्या हातात पिशवी, आम्हा दोघांच्या मधे तिची काळी पर्स. ती पर्स कायम मधेच असायची. मी तिला बायकोचा संकोच समजायचो. मागे बसून मात्र मी कधी पाच किलोमीटरही गेलो नव्हतो. त्या स्पीडब्रेकरवर पहिला विचार आला तो माझ्या कमरेचा, दुसरा बायकोचा. हा लेख त्या दुसऱ्या विचाराचा आहे.

टीचभर गादीचा इतिहास

मागे बसून जाण्याला मराठीने स्वतःचा शब्द घडवला आहे: डबलसीट. दोन्ही तुकडे इंग्रजी, पण जोड अस्सल आपली. ‘चल, डबलसीट जाऊ’ हे मैत्रीचं आमंत्रण असतं. सायकलच्या जमान्यात डबलसीट जाणं हा गुन्हा होता आणि चौकात पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारून साळसूदपणे चालू लागायचा, हे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकलेलं आहे. स्कूटर आली तशी डबलसीटला प्रतिष्ठा आली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकची रचनाच घर डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखी होती: पुढे मुलाला उभं राहायला सपाट जागा, मागे बायकोला एका अंगाला पाय सोडून बसता येईल अशी रुंद सीट, वर जादाचं चाक. वेग बेताचा, बैठक ऐसपैस.

नंतर गाडी तरुण झाली. २००१ मध्ये बजाज पल्सर आली आणि गाडीच्या जाहिरातीत कुटुंबाऐवजी पुरुषी रुबाब बसला. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली. शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली, पूर्ण फेअरिंगची, दीडशे सीसीची आणि मध्यमवर्गाला हप्त्यांवर परवडेल अशी. पुढे २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० आणि २०१४ मध्ये आरसी मालिका आली. कॉलेज रोडवर संध्याकाळी उभं राहिलं की या सगळ्या घराण्यांची पोरंसोरं अर्ध्या तासात डोळ्यांखालून जातात.

यात आर-१५च्या सीटची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००८ ची पहिली गाडी सलग सीटची होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीटचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा वर गेला, शेपूट निमुळतं झालं, दोन चाकांतलं अंतर १,२९० वरून १,३४५ मिलिमीटर झालं. गाडी देखणी झाली. मागचा माणूस माळ्यावर गेला. मग २०१५ मध्ये कंपनीने त्याच गाडीची सलग सीटवाली बहीण बाजारात आणली, नाव ‘आर-१५ एस’. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तेच: सीट दुभंगलेली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सलग सीटची ‘एस’. एकाच गाडीची सीट दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आली. गाडी पोराची असली तरी तिच्यावरून आईला दवाखान्यात आणि बहिणीला क्लासला न्यायचं असतं, हे आपल्या घरांचं वास्तव त्या सीटने मान्य केलं, असं मी समजतो.

मुळात शेपूट वर जातं कशासाठी? शर्यतीच्या गाडीवर दुसरं माणूस नसतंच. चालवणारा टाकीवर ओणवा होऊन वजन पुढच्या चाकावर टाकतो, पायांचे टेकू मागे आणि उंच ठेवतो, आणि शेपटीचा उठाव त्याला मागे घसरू देत नाही. रस्त्यावरच्या गाडीने ही ठेवण उचलली, आणि त्या उठावावर गादी चिकटवून तिला दुसरी सीट म्हटलं.

मागे माणूस बसला की गाडी बदलते

सातपूरला माझे एक जुने मेकॅनिक आहेत. गडावरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी आणि कंबर, दोन्ही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला सीटवर बसवलं नाही. स्वतः मागे बसले, लेकीला पुढे बसवलं आणि मला बाजूने बघायला लावलं. मागचा भाग चांगला तीन बोटं खाली गेला. हेडलाइटचा झोत समोरच्या भिंतीवर वर चढला. रात्री समोरून येणारे आपल्याला शिव्या का देतात, तेही त्या भिंतीवर समजलं.

हिशोब साधा आहे. गाडी १४० किलोंची, चालवणारी पंचावन्नची, मागे मी पंचाहत्तरचा. एकूण वजनातला चौथा हिस्सा मी एकटा, आणि तो हिस्सा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर, तोही उंचावर. त्यामुळे मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं, हँडल सैल वाटतं, वळणात गाडी बाहेर जाऊ पाहते. ‘गाडी तीच आहे’ असं समजून चालवणं ही पहिली चूक.

उपाय महागडे नव्हते. आधी हवा. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या टायरची हवा एकट्यासाठी एक आणि डबलसीटसाठी दुसरी दिलेली असते. पल्सर १५० मध्ये ती २८ आणि ३२ पीएसआय. हे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतात. स्टिकर आपण वाचत नाही, आणि पुस्तिका आरसी बुकासोबत कपाटात असते. मग शॉकअप. त्याच्या स्प्रिंगखाली पायऱ्यांची कडी असते, ती पान्याने फिरवून दोन पायऱ्या वर घेतली. आपण याला ‘शॉकअप टाइट करणं’ म्हणतो, पण स्प्रिंग त्याने कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबली जाते आणि वजनाने खाली बसलेली गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते. झोत भिंतीवरून खाली उतरला. ज्या गाड्यांत ही कडी नसते, तिथे हवा आणि हात, एवढंच हाती उरतं.

हात म्हणजे चालवणाऱ्याचा हात. ब्रेक बऱ्यापैकी जोरात लागला की सत्तर किलोंचं माणूस तीस-पस्तीस किलोंच्या जोराने पुढे ढकललं जातं. त्याने स्वतःला कशाला तरी रोखून धरलं नाही, तर तो सगळा जोर चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. स्पोर्ट्स बाइकचं हँडल खाली आणि पुढे असल्यामुळे पाठीतून तो मनगटांत उतरतो. म्हणजे ज्या हातांनी ब्रेक दाबायचा, तेच हात दोन माणसांचा भार तोलत असतात. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. ते चाक जाम होऊ देत नाही. मागच्याचं डोकं पुढच्यावर आपटणं थांबवणं त्याच्या हातात नाही.

तिथून पुढची सगळी विद्या हळुवारपणाची आहे. मागे वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्याने चालवताना असतो त्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो. तो किंचित आधी लावून गाडी बसू द्यायची आणि मग पुढचा, हलके हलके, चिमटीतून पीठ सोडावं तसा. थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, कारण इंजिनही ब्रेकच लावतं. गिअर खाली घेताना इंजिनाचा वेग जरासा चढवून मग क्लच सोडायचा.

कुशनवाल्याचा धडा

सीटचं काम करणाऱ्याकडे गेलो तेव्हा मी मऊ फोम मागितला. त्याने माझ्या अंगठ्याखाली दोन तुकडे ठेवले. मऊ तुकडा सुखाने दबला आणि अंगठा थेट खालच्या पत्र्याला टेकला. कडक तुकडा जरा आढेवेढे घेत दबला, पण तळ लागला नाही. दुकानात दोन मिनिटं बसायचं असेल तर मऊ घ्या, वणीला जायचं असेल तर कडक, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. मऊ फोम वीस मिनिटांत संपतो आणि मग माणूस प्लास्टिकच्या पाट्यावर बसलेला असतो.

त्याने खाली कडक थर घातला, वर पातळ मऊ. गादीला पुढे जो उतार होता, तो पाचर घालून जवळपास सपाट केला, आणि चकचकीत रेक्झिनऐवजी खरखरीत चढवलं. मागे बसणाऱ्याचा अर्धा त्रास घसरण्याचा असतो. घसरायचं नाही म्हणून तो मांड्या आवळून, बोटं रुतवून बसतो, आणि प्रवास संपतो तेव्हा बसून बसून दमलेला असतो. मागच्या कडीचा प्रश्न मेकॅनिकने त्या मॉडेलला बसणारी ग्रॅब रेल मिळवून सोडवला.

खरं तर ती कडी ही कुणाची मेहेरबानी नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागे बसणाऱ्याचाच आहे. त्याला धरायला कायमची पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं कवच, असं तो सांगतो. हे कवच म्हणजे आपला साडीगार्ड. नवी गाडी घरी आली की तरुण मालक सगळ्यात आधी तो काढून माळ्यावर टाकतो, कारण त्याने गाडी ‘फॅमिली’ दिसते. आणि ओढणी किंवा पदर चाकात गेल्याची बातमी वाचून हळहळणारेही आपणच असतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ मागे एकच माणूस, तेही पक्क्या बसवलेल्या सीटवर, एवढीच मुभा देतं. ट्रिपल सीटला कलम १९४-सी खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. हेल्मेटचं कलम १२९ पुढच्या-मागच्यात फरक करत नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा पंपावर हेल्मेटची उसनवारी मी स्वतः पाहिली आहे. एवढं करूनही उसनं हेल्मेट चढायचं ते हँडल धरणाऱ्याच्या डोक्यावर. मागे बायको बोडक्या डोक्याने. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातात गेले. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलासाठी हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादाही आली आहे. असं पट्ट्याने बांधलेलं मूल मला गंगापूर रोडवर अजून दिसायचं आहे.

घाटातलं गणित

गडाच्या त्या पहिल्या फेरीत ओझरखेडच्या पाण्याजवळ चहाला थांबलो, तेव्हा मी उतरलो नाही, उकललो. वणी ओलांडून नांदुरीला पोचलो. यात्रेच्या दिवसांत खाजगी गाड्या इथेच थांबवतात आणि पुढे एसटी. एरवी दहा-एक किलोमीटरचा घाट आपल्या गाडीने चढता येतो. (वर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचेकशे पायऱ्यांपासून माझ्या गुडघ्यांची सुटका झाली.)

घाट चढताना माणूस मागे घसरतो, उतरताना पुढे. चढावर मी तिच्या जॅकेटला लोंबकळलो होतो. उतारावर तिच्या पाठीवर रेललो होतो आणि तिची मनगटं भरून आली होती. वळणं आली की मी भीतीने उलट्या बाजूला कलायचो. गाडी डावीकडे, मी उजवीकडे. तिसऱ्या वळणानंतर तिने गाडी बाजूला घेतली.

“बाबा, तुम्ही गाडी चालवू नका ना.”

“मी कुठे चालवतोय?”

“पाठीमागून चालवताय. नुसते बसा. डावं वळण आलं की माझ्या डाव्या खांद्यावरून रस्ता बघा, उजवं आलं की उजव्या. बाकी काही करू नका.”

तीस वर्षांच्या अनुभवाला मिळालेली ही पहिली शिकवणी. ती लागूही पडली. खांद्यावरून पाहिलं की शरीर आपसूक गाडीबरोबर कलतं, ना जास्त ना कमी. आणि पुढचं वळण दिसत असल्यामुळे भीतीही निम्मी होते. उतारावर एक हात टाकीवर टेकवून स्वतःचं वजन स्वतः पेलायचं, दुसरा मागे. तिच्या पाठीवर भार नाही.

दोन सीटांच्या शर्यतीच्या गाडीवरही हीच युक्ती आहे. अमेरिकेचा रँडी मामोला, ५०० सीसी ग्रांप्रीत चार वेळा जगात दुसरा आलेला स्वार, निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं डुकाटीच्या खास दोन सीटांच्या मोटोजीपी गाडीवर पाहुण्यांना ट्रॅकवर फिरवायचा. त्या गाडीत मागच्यासाठी मुठी होत्या, त्या थेट पेट्रोलच्या टाकीवर बसवलेल्या. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एकीवर माणूस मागे बसवायचा तर आधी काय केलं? त्याला धरायला दिलं.

डोळे मिटून

पुढचे काही आठवडे आम्ही बापलेक सुट्टीच्या सकाळी एका रिकाम्या आवारात सराव करत होतो. परीक्षा तिनेच शोधली. मी मागे डोळे मिटून बसायचं, तिने सावकाश फेऱ्या मारायच्या, आणि गिअर बदलल्याचं मला कळलं की तिच्या खांद्यावर बोट टेकवायचं. मला कळलं की ती नापास. पहिल्या दिवशी माझं बोट खांद्यावरून हललंच नाही. महिनाभराने मी फक्त इंजिनाच्या आवाजावरून ओळखत होतो. मान हलत नव्हती.

तेव्हा एक गोष्ट मला उमगली. पुढच्याच्या हातात सगळं असतं, हँडल, ब्रेक, समोरचा रस्ता. म्हणून त्याला धक्का बसत नाही. येणारा प्रत्येक धक्का त्याला आधी ठाऊक असतो. मागच्याला ना रस्ता दिसतो, ना काही ठरवता येतं. त्याला दुखतं ते निम्मं सीटमुळे आणि निम्मं अचानकपणामुळे. मागच्याला सुखाने नेणं म्हणजे त्याला सगळं आधी कळू देणं. आम्ही खुणा ठरवल्या. खड्डा दिसला की ती डावी कोपर बाहेर काढणार, मी फूटरेस्टवर भार देऊन उठणार. माझी एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तिने दोन्ही पाय टेकवून, पुढचा ब्रेक धरून ‘बसा’ म्हटल्याशिवाय मी चढायचं नाही. दर पाऊण तासाला चहा.

पर्स

गडावरून परतलो त्या पहिल्या संध्याकाळी मी कमरेला शेक घेत बायकोला विचारलं होतं, “मी चालवायचो तेव्हा तुला असंच व्हायचं?”

ती भाजी निवडत होती. “कसं?”

“ब्रेक लागला की पुढे आपटायला.”

“मग? पर्स कशाला ठेवायचे मधे?” ती म्हणाली. “तुम्ही ब्रेक दाबलात की मी तुमच्या पाठीवर जाऊन आदळायचे. पर्स असली की छातीला लागायचं नाही.”

तीस वर्षं. द्वारका, सीबीएस, शालिमार, रविवार कारंजा. प्रत्येक सिग्नलला ती एका अंगाला, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने पिशवी सांभाळत, माझा पुढचा ब्रेक केव्हा येईल याचा अंदाज बांधत बसलेली. आणि मी मित्रांत सांगायचो, आपल्या हाताला काय सफाई आहे!

फाल्गुनात एका रविवारी लेक आईला म्हणाली, “आई, तुला त्र्यंबकला नेते.” बायकोने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सकाळीच हवा ३२ केली होती, साडीगार्ड माळ्यावरून काढून पुन्हा बसवला होता. तिने पंजाबी ड्रेस घातला, ओढणीची कमरेला गाठ मारली, हेल्मेट चढवलं आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. एक हात कडीला, एक लेकीच्या कमरेला. पर्स नेहमीप्रमाणे मधे.

जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. मी दारात वाट बघत उभा होतो, यापूर्वी ती जशी माझी बघायची तसा. गाडी वळून आत आली, थांबली. गाडीने मान झुकवली नाही, मागच्या हेल्मेटनेही नाही.

बायको उतरली. पर्स तिच्या पाठीला होती, पट्टा खांद्यावरून तिरपा घेतलेला.

“अंजनेरीच्या आधीच मागे टाकली,” ती म्हणाली. “उगाच मधे टोचत होती.”